कोचच्या सत्काराला हिकरीची लॅक्रॉस स्टिक: पारख, ऑर्डर आणि जपणूक

लॅक्रॉस म्हणजे जाळी लावलेल्या स्टिकने चेंडू झेलत-फेकत गोल करायचा खेळ. त्याचा हंगाम मे महिन्यात संपत आला की अमेरिकेतल्या शाळांच्या आणि क्लबांच्या पालक समित्यांची एकच धावपळ सुरू होते. निरोपाच्या जेवणात कोचला द्यायचं काय? न्यू जर्सी, मेरीलँड, व्हर्जिनियाकडे अशा समित्यांत मराठी आई-वडीलही असतात, आणि हे परीक्षण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. नेहमीचे पर्याय तीन: नाव कोरलेली काच, फ्रेममधली जर्सी, सगळ्यांच्या सह्यांचा चेंडू. चौथा पर्याय महाग आहे, वेळ खातो आणि जपावाही लागतो. तरी आम्ही तोच सुचवू. हिकरी या अमेरिकन झाडाच्या लाकडाची, हाताने घडवलेली, चामड्याच्या वाद्यांनी म्हणजे पातळ पट्ट्यांनी विणलेली पारंपरिक स्टिक.

कुणाला द्यावी, हे आधीच सांगून टाकतो. दहा-पंधरा वर्षं एकाच संघाबरोबर राहिलेला कोच, शिट्टी खाली ठेवणारा पंच, मैदान आखण्यापासून गोलांच्या नोंदीपर्यंत सगळं सांभाळलेला कार्यकर्ता, शेवटचा सामना खेळलेला मोठा खेळाडू: यांना जरूर द्या. शाळकरी मुलांच्या वार्षिक बक्षिसांसाठी घेऊ नका. मुलं ती मैदानावर नेतील, पावसात भिजवतील, आणि दोन महिन्यांत जाळी सैल पडेल. मुलांना खेळायची प्लास्टिकच्या हेडची (हेड म्हणजे टोकाचा जाळीचा भाग) नवी स्टिकच द्यावी.

लाकडी स्टिकचा मान काय, हे मराठी माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही. महाराष्ट्र केसरीला चांदीची गदा मिळते. पैलवान ती खांद्यावर घेतो आणि अख्ख्या मैदानाला निकाल कळतो. लॅक्रॉसमध्ये ती जागा लाकडी स्टिकची आहे, पण हिची मुळं आणखी खोल आहेत. हा खेळ उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा. हौडेनोसॉनी, म्हणजे मोहॉक, ओनायडा, ऑनंडागा, कयूगा, सेनेका आणि टस्करोरा या सहा राष्ट्रांचा समूह, याला निर्मात्याने दिलेला खेळ मानतो. आजारी माणसासाठी, गावाच्या भल्यासाठी हा खेळ मांडायची त्यांची रीत आहे. मुलगा जन्मला की त्याला छोटी स्टिक देतात, आणि माणूस गेला की त्याच्याबरोबर स्टिक पुरण्याचीही प्रथा आहे. अशी वस्तू हातात देताना ती कुठून आली, कुणी घडवली, हे दोन वाक्यांत तरी सांगायलाच हवं. हे न सांगता दिलेली स्टिक म्हणजे भिंतीवरची आणखी एक शोभेची वस्तू होते.

लाकडी स्टिक आज दुर्मीळ का झाली, यामागे दोन घटना आहेत. कॅनडा-अमेरिकेच्या सीमेवरच्या कॉर्नवॉल बेटावर, अक्वेसास्ने इथल्या मोहॉक वस्तीत, लाकडी स्टिकचा मोठा कारखाना होता. तो १९६८मध्ये जळाला. पुढे १९७०मध्ये बाल्टिमोरच्या एसटीएक्स कंपनीने प्लास्टिकचं हेड बाजारात आणलं. ते दोन्ही बाजूंनी सारखं होतं, हलकं होतं, आणि साच्यातून हवी तितकी निघत होती. काही वर्षांतच मैदानी खेळातून लाकूड गेलं. तरीही ऑनंडागाचे आल्फ जॅक्स यांच्यासारख्या कारागिरांनी ही कला सोडली नाही. वडिलांबरोबर शिकलेले जॅक्स २०२३मध्ये वारले, तोवर सिराक्यूजजवळच्या आपल्या वस्तीत ते स्टिक घडवत होते. आज चांगली स्टिक हवी असेल तर अशाच परंपरेतल्या कारागिराकडून घ्यायची असते. दुकानाच्या मांडणीवर ती सहसा सापडत नाही.

आता वस्तूकडे येऊ. खरी किंमत लाकडात आहे. शॅगबार्क हिकरीचं सरळ वाढलेलं, गाठी नसलेलं खोड लागतं. ओंडका करवतीने कापत नाहीत. पाचरी ठोकून तो आधी दोन, मग चार, मग आठ फाकांत फोडतात. फोडलेलं लाकूड आपल्या रेषेनेच उकलतं, त्यामुळे एकच धागा मुठीपासून टोकापर्यंत अखंड राहतो. करवतीचं पातं सरळ जातं, लाकडाची रेषा मात्र थोडी वळलेली असते, म्हणून कापलेल्या पट्टीत धागे मध्येच तुटतात. सपाट फळीत हे चालून जातं. स्टिकच्या टोकाला छत्रीच्या मुठीसारखा बाक द्यायचा असतो, आणि तुटलेला धागा तिथेच उसवतो. फाक दोन मुठींच्या पात्याने सोलून, वाफेवर मऊ करून साच्याभोवती वाकवतात, बाक परत उघडू नये म्हणून तारेने बांधतात आणि महिनोन्‌महिने वाळू देतात. त्यानंतर अखेरचं तासकाम, भोकं पाडणं, पॉलिश आणि विणकाम. ओंडक्यापासून तयार स्टिकपर्यंत आठ-दहा महिने सहज जातात.

म्हणूनच पहिली चूक वेळेची होते. एप्रिलमध्ये चौकशी करून जूनच्या जेवणाला नवी स्टिक मिळत नाही. कारागिराकडे आधीच वाळलेली, अर्धी घडवलेली लाकडं असतील तरच जमतं, आणि मग हवी ती लांबी, हवा तो हात मिळेलच असं नाही. मागच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच सांगून ठेवा. पुढच्या वर्षी कोण निवृत्त होणार, हे समितीला तेव्हा बहुधा माहीत असतंच.

दुसरी चूक हाताची. ही सगळ्यात जास्त वेळा होते, आणि खेळणाऱ्याच्या डोळ्यात पहिल्या क्षणी भरते. प्लास्टिकचं हेड दोन्ही हातांना चालतं. लाकडी स्टिकला लाकडाची भिंत एकाच बाजूला असते, दुसरी भिंत कच्च्या चामड्याच्या विणीची. त्यामुळे उजव्या हाताची आणि डाव्या हाताची स्टिक वेगळी. कोच कुठल्या हाताने लिहितो यावर जाऊ नका. लॅक्रॉसमध्ये उजवा खेळाडू म्हणजे ज्याचा उजवा हात वर, हेडच्या बाजूला असतो तो. त्याचा जुना सामन्यातला फोटो शोधा आणि हेडजवळचा हात कोणता ते पाहा. फोटो कधी कधी उलटा छापलेला असतो, म्हणून जर्सीवरचा आकडा सरळ दिसतो ना, तेही तपासा. शक्य असेल तर शूट करतानाचे दोन फोटो पाहा, कारण चांगले खेळाडू पास देताना हात बदलतात.

तिसरी गोष्ट मैदानावरच्या जागेची. पुरुषांच्या मैदानी खेळात अटॅक आणि मिडफिल्डची स्टिक ४० ते ४२ इंच असते, डिफेन्सची ५२ ते ७२ इंचांपर्यंत जाते, आणि गोलीचं हेड १० ते १२ इंच रुंद असतं. ज्याने आयुष्यभर गोल राखला त्याच्या हातात अटॅकची अरुंद स्टिक ठेवली तर सत्कार त्याचा वाटत नाही, कुणा दुसऱ्याचा वाटतो. गोलीची लाकडी स्टिक विणायला जास्त चामडं आणि जास्त वेळ लागतो, भावही वर जातो. डिफेन्सची लांब स्टिक घेणार असाल तर घरातली भिंत आधी मोजा. सहा फुटांची स्टिक अमेरिकन घराच्या जिन्याशेजारी छान बसते, फ्लॅटच्या हॉलमध्ये बसत नाही.

एक गोष्ट नाजूक आहे, पण आधीच बोललेली बरी. हौडेनोसॉनी परंपरेत पुरुषाच्या लाकडी स्टिकला स्त्रीने हात लावू नये असा संकेत आहे. म्हणून स्त्री खेळाडूचा किंवा स्त्री कोचचा सत्कार असेल, किंवा स्टिक देणाऱ्या समितीत स्त्रिया असतील, तर ऑर्डर देतानाच कारागिराला स्पष्ट विचारा. कुणी म्हणेल ही केवळ प्रदर्शनाची आहे, चालेल. कुणी नको म्हणेल. उत्तर काहीही आलं तरी ते मानायचं. स्त्री कोचसाठी आम्हांला जास्त योग्य वाटतो तो दुसरा मार्ग: महिलांच्या खेळात पूर्वी वापरात असलेली उथळ जाळीची जुनी लाकडी स्टिक. महिलांच्या खेळाची स्वतःची वेगळी परंपरा आहे. पहिला सामना १८९०मध्ये स्कॉटलंडच्या सेंट लेनर्ड्स शाळेत झाला. तिथेच शिकलेल्या रोझाबेल सिंक्लेअर यांनी १९२६मध्ये बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत मुलींचा संघ उभा केला. अमेरिकेच्या राष्ट्रीय लॅक्रॉस हॉल ऑफ फेममध्ये मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. त्या वाटेवरची जुनी स्टिक साफ करून, जाळी नव्याने विणून दिली तर तिचा अर्थ लागतो.

स्टिक हातात आली की काय तपासायचं?

उजेडात धरून बाकाची बाहेरची कड पाहा. लाकडाच्या रेषा बाकाबरोबर वळत टोकापर्यंत गेल्या पाहिजेत. एखादी रेषा बाकाच्या जागी तिरकी होऊन कडेबाहेर निसटत असेल तर चीर तिथूनच सुरू होणार, आज नाही तर पहिल्या कोरड्या हिवाळ्यात. बाकावर समांतर, एकसारख्या जाडीच्या काळसर रेषा दिसल्या तर त्या बहुधा गोंदाच्या आहेत. पातळ पट्ट्या चिकटवून केलेली ती शोभेची वस्तू समजा. नंतर कच्च्या चामड्याची भिंत. बाकाच्या टोकापासून दांड्यापर्यंत आलेली ही वीण स्वतःच्या ताठपणाने उभी राहायला हवी. अंगठ्याने दाबली की किंचित आत जाऊन परत यावी. लोळागोळा पडत असेल तर एक तर ती भिजली आहे किंवा चामड्याऐवजी मऊ दोरी वापरली आहे. मग जाळी. उभ्या चामडी वाद्या, बहुधा चार, आणि त्यांना आडवं बांधणारी दोरी. वाद्यांचं वरचं टोक भोकांतून कसं ओवलंय ते पाहा. भोकाची कड तासून गोल केलेली नसेल तर ती वादी कापत जाते.

दांड्यावर हात फिरवा. हाताने घडवलेल्या दांड्यावर पात्याच्या हलक्या पैलू जाणवतात, जाडी मुठीपासून हेडकडे सावकाश बदलते. सगळीकडे अगदी एकसारखा गोल दांडा यंत्रावरचा असतो. तो वाईटच असं नाही, पण हाताने घडवलेल्याचा भाव त्याला देऊ नका. चांगल्या कारागिराची स्टिक काहीशे डॉलरला पडते. त्याच्या निम्म्याहून कमी भावात ‘अस्सल पारंपरिक’ म्हणून कुणी विकत असेल तर वरच्या सगळ्या गोष्टी दोनदा तपासा. आणि कोणत्या राष्ट्राच्या, कोणत्या कारागिराने घडवली, हे लेखी मागा. खरा विक्रेता ते आनंदाने देतो.

नावाची पट्टी हा या साऱ्यातला दुर्लक्षित भाग, आणि सर्वांत जास्त बिघाड इथेच होतो. पितळी पट्टी दांड्यावर स्क्रूने बसवू नका. हिकरी आकसताना सागापेक्षा जवळपास दुप्पट आकसते. पितळ तसंच राहतं, आणि स्क्रूच्या भोकापासून रेषेच्या दिशेने चीर जाते. पट्टी स्टिक टांगायच्या मागच्या फळीवर लावा, स्टिक मोकळी ठेवा. दांड्यावरच नाव हवं असेल तर लेझरने कोरता येतं, पण हिकरीच्या वर्षवलयांत मऊ आणि कठीण लाकडाचे पट्टे आलटून पालटून असतात. मऊ पट्टा खोल जळतो, कठीण वरवर. त्यामुळे बारीक अक्षरं तुटक दिसतात. अक्षराची उंची ६ मिलीमीटरच्या खाली नेऊ नका, आणि बारीक टोकांचा नाजूक फॉण्ट निवडू नका. कोरण्याआधी कागदी टेप चिकटवला तर भोवतीच्या वार्निशवर धुराचा डाग पडत नाही.

मजकूर मराठीत कोरून घ्यायचा असेल तर हा परिच्छेद नीट वाचा. कोरीवकामाच्या दुकानातली बरीच सॉफ्टवेअर देवनागरी धड मांडत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरं पाय मोडून सुटी होतात, रफार भलत्याच अक्षरावर चढतो. ‘प्रशिक्षक’ या एकाच शब्दात यातले पहिले दोन धोके तीन ठिकाणी जवळजवळ आहेत: प्र, शि आणि क्ष. दुकानदाराला लिपी येत नाही, त्यामुळे चूक त्याच्या लक्षात येणं शक्य नाही. मजकूर ईमेलमध्ये टाइप करून पाठवू नका. तुमच्याकडेच मांडा, अक्षरांचं रेषांच्या आकृतीत रूपांतर करा आणि पीडीएफ किंवा एसव्हीजी पाठवा. मग ते अक्षर राहत नाही, चित्र होतं, आणि यंत्र ते जसंच्या तसं कोरतं. कोरण्याआधी नमुन्याचा फोटो मागवा आणि ज्याने मजकूर लिहिला नाही अशा माणसाला मोठ्याने वाचायला लावा.

पट्टीवर लिहायचं काय? ‘बहुमोल योगदानाबद्दल’ यात काही कळत नाही. पन्नास वर्षांनी ती स्टिक नातवाच्या हातात येईल तेव्हा त्याला काय केलं ते कळलं पाहिजे. नाव, भूमिका, संघ, पहिलं आणि शेवटचं वर्ष, आणि एक ठोस गोष्ट: किती हंगाम, किती सामने, कोणता वयोगट सुरू केला, किती मुलांना पंचगिरी शिकवली. आकडा समितीने स्वतः नोंदवहीतून मोजावा, आठवणीतून घेऊ नये. चुकलेला आकडा पितळेवर कायमचा राहतो, आणि ज्याचा सत्कार आहे त्याला खरा आकडा पाठ असतो.

कुणाचा सत्कार करायचा यासाठी राष्ट्रीय हॉल ऑफ फेमकडे पाहणं उपयोगी पडतं. हॉलची स्थापना १९५७ची. आज ते आणि त्याचं संग्रहालय बाल्टिमोरच्या उत्तरेला स्पार्क्स इथे, यूएसए लॅक्रॉसच्या मुख्यालयात आहे. तिथल्या मैदानाला बिल टिअर्नी यांचं नाव आहे. प्रिन्स्टनला सहा आणि डेन्व्हरला एक राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारे ते कोच. जिम ब्राउन अमेरिकन फुटबॉलमुळे जगाला माहीत, पण सिराक्यूजकडून खेळलेला त्यांचा लॅक्रॉस असा होता की १९८३मध्ये त्यांना इथेही मान मिळाला. गॅरी आणि पॉल गेट या जुळ्या खेळाडू भावांना २००५मध्ये तो एकत्रच मिळाला. आम्हांला महत्त्वाचं वाटतं ते हे की हॉल खेळाडू आणि कोच यांच्यावर थांबत नाही. पंच आणि खेळासाठी वेगळ्या वाटेने काम केलेले लोक, यांनाही तिथे तोच मान आहे. शाळेच्या समितीने हेच करावं. दरवर्षी गोल करणाऱ्याचं नाव आपोआप पुढे येतं. मुलांच्या फाटक्या जाळ्या शुक्रवारी रात्री बसून विणणारा माणूस यादीत कुणी तरी मुद्दाम घातल्याशिवाय येत नाही.

विद्यापीठ खेळाडूंच्या टेवाराटन पुरस्काराचंही उदाहरण घ्यावं. २००१पासून दरवर्षी वर्षातल्या सर्वोत्तम पुरुष आणि स्त्री खेळाडूला तो मिळतो. चषक म्हणजे मोहॉक खेळाडूची ब्राँझची मूर्ती, खाली सहा कोनांचा काळा ग्रॅनाइट, सहा राष्ट्रांसाठी. मोहॉक ज्येष्ठांची संमती घेऊन त्यांच्या भाषेतलं खेळाचं हे नाव ठेवलं, आणि दरवर्षी सहांपैकी एका राष्ट्राचा त्या निमित्ताने गौरव होतो. २०१४मध्ये लाइल आणि माइल्स थॉम्प्सन या ऑनंडागा भावांना तो विभागून मिळाला, तेव्हा मूळ रहिवाशांच्या हातात तो पहिल्यांदा गेला. ज्यांचा खेळ त्यांना विचारून, त्यांचं नाव पुढे ठेवून सन्मान कसा करावा, याचा हा चांगला नमुना आहे. तुमच्या छोट्या कार्यक्रमातही कारागिराचं नाव पट्टीवर, खालच्या ओळीत, जरूर घाला.

टांगणी आणि हवामान. जाळीला किंवा बाकाला आकडा अडकवून स्टिक कधीही लटकवू नका. वजन चामड्यावर येतं आणि वर्षभरात हेड एका बाजूला झुकतं. दांड्याखाली दोन लाकडी आधार द्या, एक हेडच्या मानेशी, दुसरा मुठीपासून सहा-आठ इंचांवर, दोन्हींना आतून फेल्ट. घट्ट धातूची पकड नको, लाकडाला हलायला जागा हवी. पेटीत ठेवणार असाल तर ४० इंचांच्या स्टिकला आतून किमान ४४ इंच लांबी आणि ५ इंच खोली लागते. फ्रेमवाले जर्सीच्या हिशेबाने दोन इंचांची पेटी देतात, मग काच जाळीवर दाबून बसते. जाळीत आम्लरहित कागदाचा सैल गोळा ठेवला तर खोलगटपणा टिकतो. तिथे चेंडू ठेवण्याचा मोह होतो, पण नको. रबरातलं तेल हळूहळू बाहेर येतं आणि चामड्याला डाग पडतो. पेटीत चांदीचं पदक असेल तर रबराचा चेंडू अजिबातच नको. त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

खोलीची आर्द्रता ४० ते ५५ टक्क्यांच्या आसपास असली की लाकूड आणि चामडं दोन्ही शांत राहतात. अमेरिकेत हिवाळ्यात घर तापवलं की हवा फार कोरडी होते. कच्चं चामडं आखडतं, बाक आत ओढला जातो, आणि बाकाचं टोक पातळ असेल तर तडकतं. स्टिक हीटरच्या झरोक्यावर किंवा शेकोटीच्या वर टांगू नका. एवढं एक पाळलं तरी निम्मे बिघाड टळतात.

स्टिक भारतात येणार असेल तर त्रास उलटा. सेवानिवृत्त होऊन पुण्यात परतणारा कोच असो की मुंबईतल्या आजी-आजोबांकडे ठेवायची नातीची आठवण, पावसाळ्यात कच्चं चामडं पाणी धरतं, मऊ पडतं, त्याला वास येतो आणि बुरशी धरते. जून ते सप्टेंबर ती बाहेरच्या भिंतीवर ठेवूच नका, कारण ओल तिथेच उतरते. बंद पेटी असेल तर सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि दर महिन्याला सुकवून परत ठेवा. दुसरा शत्रू भुंगा. हिकरीचं पांढरं लाकूड त्याला फार आवडतं. एक-दीड मिलीमीटरची गोल भोकं आणि खाली टाल्कम पावडरसारखी भुकटी दिसली की स्टिक लगेच इतर फर्निचरपासून दूर, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि कीडनियंत्रणवाल्याला दाखवा. वरून पॉलिशचा हात मारून काही होत नाही, अळी आत असते. चामड्याला उंदीर आणि झुरळंही तोंड लावतात, म्हणून माळ्यावर ठेवू नका. विमानातून आणताना हातातल्या सामानात नेण्याचा प्रयत्न करू नका. कडक नळीत किंवा लांब खोक्यात, हेडभोवती फोम गुंडाळून, चेक-इनमध्ये द्या. कच्चं चामडं प्राणिजन्य आहे, तेव्हा विकत घेतल्याची पावती आणि कारागिराचं पत्र बरोबर असू द्या.

देखभाल थोडीच. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसा. पॉलिश उडालेल्या जागी उकळलेल्या जवस तेलाचा अगदी पातळ हात द्या, वीस मिनिटांनी पुसून काढा. कच्चं जवस तेल आठवडाभर चिकट राहतं आणि धूळ धरतं. तेलाचं फडकं चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेटू शकतं. उघडं पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. चामड्याच्या भिंतीला तेल लावू नका, तिचा ताठपणा जातो. जाळीच्या वाद्या मात्र वर्षातून एकदा चामड्याच्या मेणाने थोड्या मऊ केल्या तर तडकत नाहीत.

बाकीच्या पर्यायांचं थोडक्यात. काचेचं स्मृतिचिन्ह स्वस्त, लवकर मिळतं, पण त्यात लॅक्रॉसचं काही नसतं. जर्सी चांगली, मात्र धुऊन वाळवूनच फ्रेम करा, नाही तर घामाचे डाग दोन वर्षांत पिवळे होतात. काचेऐवजी अतिनील किरण अडवणारं अॅक्रिलिक लावा. सह्यांचा चेंडू टाळावा. चेंडू घन रबराचा, पाच ते सव्वापाच औंसांचा. रबरावरची शाई हळूहळू पसरते आणि तेल सुटून पृष्ठभाग गुळगुळीत चकचकीत होतो, सह्या फिकट होतात. सह्याच हव्या असतील तर मागच्या फळीवर चांगल्या कागदावर घ्या.

ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात लॅक्रॉस लॉस एंजेलिस २०२८साठी मंजूर झाला, सहा-सहा खेळाडूंच्या रूपात. १९०८नंतर ऑलिंपिकमध्ये पदकासाठी तो पहिल्यांदाच खेळला जाईल. त्यामुळे आपल्याकडेही या खेळाची विचारपूस वाढेल आणि सत्कार होतील. भारतात अशी स्टिक मागवणाऱ्यांनी वर्षभराचा अवधी धरावा आणि पावसाळ्यात पोचणारं पार्सल टाळावं.

स्टिक देण्याच्या क्षणाबद्दल शेवटचं. ती आडवी, दोन्ही हातांवर, जाळी वर करून द्या. खोक्यासकट देऊ नका. आणि पेटी तयार असली तरी त्या संध्याकाळी स्टिक पेटीत बसवू नका. खेळलेल्या माणसाच्या हातात लाकडी स्टिक आली की तो दोन पाऊलं मागे सरकून मनगट फिरवून बघतोच, आणि कुणी तरी चेंडू टाकतं. ते होऊ द्या. नव्या वाद्या तेव्हा मऊ असतात, चेंडू जाळीत बसतो, चामड्याचा तो दबका आवाज प्लास्टिकच्या हेडमधून येत नाही. पाच वर्षं भिंतीवर राहिलेल्या स्टिकवर मात्र चेंडू झेलू नका. सुकलेली वादी पहिल्या झेलातच तुटते, आणि एक तुटली की उरलेल्यांवर ताण येऊन सगळी जाळी पुन्हा विणावी लागते.